डोंगर भरला, आता परत कोणाला पाठवायचं?

मराठवाड्यातला माणूस फिरायला निघतो तो वर्षातून दोनदाच. एकदा शाळांना उन्हाळ्याच्या सुट्या लागल्यावर, आणि जमलं तर पुन्हा दिवाळीनंतर. मे महिन्यात शेतकऱ्याला पेरणीआधी थोडी उसंत असते, मास्तरांना सुटी असते, नात्यातली लग्नं उरकत आलेली असतात. मग दोन-तीन घरं मिळून एक क्रुझर ठरवतात. बारा-तेरा माणसं, टपावर ताडपत्रीखाली सामान, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. रस्ताही ठरलेला असतो : तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूरची अंबाबाई, जोतिबा आणि मग आंबा घाट उतरून गणपतीपुळे. देवदर्शनाच्या नावाखाली म्हातारी माणसं तयार होतात आणि समुद्राच्या नावाखाली पोरं. ज्यांच्या हाताशी थोडा जास्त पैसा आहे ते मालवण-तारकर्ली करून गोव्यात डोकावतात. रामेश्वर-कन्याकुमारीच्या यात्रेला निघालेले वाटेत उटी उरकून घेतात, जमलं तर मुन्नारही.

या सगळ्या जागा त्या दिवसांत तुडुंब असतात. तारकर्ली-देवबागच्या अरुंद रस्त्यावर दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की दोन्हीकडे रांग लागते. पावसाळ्यातल्या रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी गाडीत बसून राहण्यापेक्षा चालत गेलेलं बरं. या गर्दीपुढे कुठेतरी हात आडवा करावा लागणार याबद्दल मला शंका नाही. वाद आहे तो हात कोणापुढे आडवा करायचा याचा. या वादात हॉटेलवाले बोलतात, पर्यावरणवाले बोलतात, पुण्या-मुंबईचे शनिवार-रविवारवाले तर बोलतातच. सहाशे किलोमीटरवरून, आयुष्यात दोन-चार वेळाच येणाऱ्यांची बाजू कोणी मांडत नाही. ती मांडायची तर माझं म्हणणं असं : अडवायचं तर खासगी मोटारीला अडवा. माणसाला अडवू नका, आणि पैशाच्या गाळणीने तर मुळीच नको.

असा प्रयोग आपल्या देशात सुरू झालेला आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून उटीला आणि कोडाइकॅनॉलला खासगी गाडी न्यायची तर ई-पास घ्यावा लागतो. सुरुवातीला पास मागेल त्याला मिळत होता. किती गाड्या येतात ते मोजावं, एवढाच हेतू होता. २०२५ च्या उन्हाळ्यात मात्र संख्येलाच कुंपण पडलं. उटीला एरवी दिवसाला ६,००० गाड्या आणि शनिवार-रविवारी ८,०००. कोडाईला ४,००० आणि ६,०००. व्यापाऱ्यांनी बंद पाळला, आरडाओरड झाली. पण या आदेशातली माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची ओळ बातम्यांमध्ये तळाशी राहिली : सरकारी बसने किंवा रेल्वेने येणाऱ्याला हा पास लागत नाही. म्हणजे उटीचं दार बंद झालेलं नाही. सरकारी बस चढते आहे, मेट्टुपाळयमहून, काही भाग दातेरी रुळावरून, ४६ किलोमीटर वर जाणारी छोटी आगगाडी चढते आहे. आवरलं आहे ते फक्त खासगी गाडीने येण्याला.

त्या नियमातली एक खोट मात्र आमच्याकडच्या माणसाला लगेच दिसते. क्रुझरमधली तेरा माणसं म्हणजे एक गाडी आणि पांढऱ्या एसयूव्हीतलं नवराबायकोचं जोडपं म्हणजेही एक गाडी. दोघांना एकाच मापाने मोजायचं हा कुठला न्याय? आसनं मोजा. ज्या गाडीत आसनाइतकी माणसं आहेत तिला पास आधी, रिकामी आसनं घेऊन येणारीला नंतर. टोलनाक्यावर हे मोजणं अवघड आहे असं कोणी म्हणेल, पण पास काढताना प्रवाशांची संख्या भरून घेता येते आणि घाटाच्या नाक्यावर एक शिपाई डोकी मोजू शकतो. लग्नाच्या पंगतीत पानं मोजणाऱ्या समाजाला हे जड जाऊ नये.

हिशोबही साधा आहे. एसटीच्या एका गाडीत चव्वेचाळीस-पंचेचाळीस माणसं बसतात. तेवढीच माणसं मोटारींनी आली, दर मोटारीत तीन धरली, तर पंधरा मोटारी झाल्या. एकीला एक चिकटून उभ्या केल्या तरी साठ-सत्तर मीटर रस्ता गेला. दारं उघडायला आणि वळवायला जागा सोडली तर गावातलं एखादं मैदान गेलं. समुद्रकाठच्या गावांत मैदान असतं कुठे? माडाची बाग, घर, अंगण, वाट, पुन्हा माडाची बाग. मग मोटारी पुळणीवर उतरतात, वाळूत रुततात आणि त्यांना ओढायला ट्रॅक्टर येतो. दर हंगामात असे व्हिडिओ फिरतात, लोक हसतात. त्या पुळणीवर समुद्री कासवं अंडी घालतात, हे हसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे.

आता दुसरा उपाय, जो दिवाणखान्यांत फार लाडका आहे. 'महाग करा, गर्दी आपोआप ओसरेल.' याचंच सभ्य रूप म्हणजे 'आम्हाला दर्जेदार पर्यटक हवेत.' गोव्यातून हे वाक्य अधूनमधून ऐकू येतं, आता कोकणातही ऐकू यायला लागलं आहे. दर्जेदार म्हणजे कोण, हे विचारलं की उत्तर फिरून खिशावर येतं. चार जणांत एक खोली घेणारा, बरोबरचा डबा खाणारा, किनाऱ्यावर नुसतंच बसून राहणारा माणूस या व्याख्येत दर्जाहीन ठरतो. त्याने कचरा केला तर दंड करा, जरूर करा, मी दंडाच्या बाजूचा आहे. पण त्याच्या खिशात कमी पैसे आहेत म्हणून समुद्र त्याचा कमी कसा होतो? शिवाय ज्याच्याकडे पैसा आहे तो फेब्रुवारीतही जाऊ शकतो, सप्टेंबरातही जाऊ शकतो. दर वाढवून जो गळतो तो नेमका असतो मे महिन्याशिवाय ज्याला दुसरा महिनाच नाही. अंगणवाडीची ताई, खताच्या दुकानातला मुनीम, आडतीवरचा हमाल यांची सुटी कॅलेंडर बघून मिळत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मोटार अडवली म्हणून माणूस पाणी कमी पिणार आहे का? बसने आला तरी त्याला अंघोळ लागतेच.

पाण्याबद्दल बोलायचा हक्क लातूरकराला कोणी नाकारणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या आणि पाणी होतं सुमारे ५ लाख लिटर. अख्ख्या शहराने तिची वाट पाहिली होती. आता हे आकडे शेजारी ठेवून पाहा. जलजीवन योजनेत खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. पाणीपुरवठ्याची आखणी करणारे अभियंते साध्या हॉटेलसाठी खाटेमागे १८० लिटर धरतात, पंचतारांकितसाठी त्याहून बरंच जास्त. म्हणजे लातूरकरांनी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिलेली ती पहिली रेल्वे हॉटेलांच्या मापाने सुमारे २,८०० खाटांची एका दिवसाची सोय होती. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मे महिन्यातल्या एका रात्री किती खाटा भरत असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

'पण कोकणात तर धो धो पाऊस पडतो,' असं आमच्याकडचे लोक म्हणतात. पडतो. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तिथे तीन हजारांच्या आसपास. तरीही एप्रिल-मेमध्ये रत्नागिरी आणि रायगडच्या डोंगरातल्या वाड्यांना, विशेषतः धनगरवाड्यांना टँकर लागतो. तिथला जांभा दगड सच्छिद्र. पाणी वरून झिरपतं आणि झऱ्यांतून लगेच बाहेर पडतं. जमीन उताराची, नद्या आखूड, सह्याद्रीवर पडलेला थेंब फार लवकर खाडीत पोचतो. किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे देवबाग. अशा पट्ट्यांत वाळूखाली मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, त्याचा थर जाड नसतो. मोटर लावून जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि मग शेजाऱ्याचीही विहीर बिघडते. हे व्हायला एखादा भरभरून चाललेला हंगाम पुरतो, सुधारायला मात्र पावसाळेच्या पावसाळे जातात.

तेव्हा पाण्यासाठी वेगळा नियम लागेल, आणि तो खोल्यांवर लागेल. ज्याला नवी खोली बांधायची त्याने मे महिन्यात मोजलेलं पाणी दाखवावं. ऑगस्टमधली भरलेली विहीर दाखवून परवानगी घेऊ नये. स्वतःचं पावसाचं पाणी साठवणाऱ्याला, सांडपाणी शुद्ध करून बागेला देणाऱ्याला सवलत मिळावी. समुद्रापासून दोनशे पावलांवर गोड्या पाण्याचा पोहण्याचा तलाव कशासाठी लागतो, हे तर मला कोणीतरी समजावून सांगावं. इकडे नियम सैल होत चालले आहेत. किनारपट्टीच्या २०१९ च्या नियमावलीने दाट वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासूनचा बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणायची वाट मोकळी केली. म्हणजे खोल्या आणखी पुढे सरकणार, उपसा आणखी खाऱ्या पाण्याजवळ होणार. खोल्यांना मर्यादा आली की खोल्या महाग होतील आणि आमचा क्रुझरवाला पुन्हा बाहेर पडेल, हेही मला दिसतं. त्यावरचा तोडगा सरकारच्या हातात आहे. गणपतीपुळ्याला आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत. त्यांतला ठरलेला वाटा साध्या दरात, एसटीचं किंवा रेल्वेचं तिकीट दाखवणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. देवस्थानांनी भक्तनिवासं बांधून गरीब यात्रेकरूची सोय केली. तीच पद्धत किनाऱ्यावर का चालू नये? मोठं सभागृह, गाद्या, सामाईक न्हाणीघरं. तेरा माणसांना तेवढं पुरतं, आणि बादलीने अंघोळ करणाऱ्याला १८० लिटर लागत नाहीत.

गाडी पायथ्याशी ठेवून माणूस वर न्यायची कल्पना ऐकायला परकी वाटते, पण ती मराठवाड्याच्या अंगणातच राबते आहे. अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरजवळच्या टी पॉइंटवर ती ठेवायची, तिथून एसटीच्या गाडीने चार किलोमीटर आत जायचं. दोन हजार वर्षांची चित्रं धुराने काळवंडू नयेत म्हणून ही व्यवस्था झाली. गर्दीच्या दिवशी बसला रांग लागते, गाड्या वाढवायला हव्यात ही तक्रार रास्तच आहे. पण मंत्र्याच्या पाहुण्यापासून जाफराबादच्या शेतकऱ्यापर्यंत बहुतेक सगळे त्याच रांगेत असतात, आणि लेण्यांसमोर हॉर्न ऐकू येत नाही. चित्रं वाचवायला जे चालतं ते डोंगर आणि पुळण वाचवायला का चालणार नाही?

माथेरान तर फार जुनं उदाहरण. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारीला मज्जाव, आणि तरीही माथेरान ओस पडलेलं नाही. नेरळहून १९०७ पासून छोटी गाडी वर जाते, बाकीचे चालतात, घोड्यावर बसतात. तिथे माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा इतकी वर्षं चालली हे लाजिरवाणंच होतं. ती बंद करायला २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मोटार नको म्हणताना तिच्या जागी काय आणतो याचाही विचार करावा लागतो, एवढं त्यातून घ्यावं. मुन्नारजवळच्या एरविकुलम उद्यानात वनखात्याच्याच बसने आत जावं लागतं, आणि नीलगिरी ताहर या डोंगरी रानबकऱ्यांना पिल्लं होण्याच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान माणसांना चक्क बंद असतं. साताऱ्याच्या कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला आणि गर्दी इतकी लोटली की फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० जणांची मर्यादा घालून आगाऊ नोंदणी ठेवावी लागली. कास मला थोडं खटकतं, कारण तिथे माणसंच मोजली जातात आणि इंटरनेटवर चटकन नोंदणी करता येणाऱ्याला जागा मिळते. पण फुलं पायाखाली येतात, त्याला इलाज नसावा. तिथे निदान पैशाने रांग तोडता येत नाही.

मग बस आहे कुठे, हा प्रश्न उरतो. लातूर-नांदेडहून पुण्याला जायचं तर रात्रीच्या ट्रॅव्हल्स रांगेने उभ्या असतात. कोकणात जायचं म्हटलं की गाडी बदलत बदलत जावं लागतं. नांदेडहून परभणी-लातूरमार्गे पनवेलला आगगाडी जाते, पनवेलला कोकण रेल्वे मिळते, पण लहान लेकरं आणि म्हातारी आई बरोबर असेल तर हे जोडकाम कोण करणार? त्यापेक्षा क्रुझर बरी वाटते. एसटीच्या गाड्यांची दशा मी लपवत नाही. खिडकी बंद न होणं, वाटेत बंद पडणं हे सगळं आहे.

पण एसटीला जमत नाही असं म्हणणाऱ्याने आषाढीला पंढरपूर बघावं. अलीकडच्या वर्षांत आषाढीसाठी पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सुटतात. गणपतीला मुंबईहून कोकणात तेवढ्याच. हे काम महामंडळाला पाठ आहे. उन्हाळ्यात शाळेच्या फेऱ्या थांबल्या की त्या गाड्या जादा वाहतुकीला लावायची पद्धतही आहे. 'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पास कितीतरी वर्षं चालू आहे. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी पहिला महाराष्ट्र त्या पासावर पाहिला. शिवाय एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. या सवलतीने आमच्याकडे काय घडलं ते बसस्थानकावर जाऊन बघावं. ज्या बायका लग्नाकार्याशिवाय तालुक्याबाहेर जात नव्हत्या त्या चौघी-पाचजणी मिळून माहूरला, अंबाजोगाईला, थेट कोल्हापूरला निघालेल्या दिसतात. कोणा पुरुषाला विचारून गाडी ठरवावी लागत नाही. फिरण्याच्या बाबतीत या भागात इतका मोठा बदल कुठल्या रिसॉर्टने घडवला नसेल. पण या बायका सावंतवाडी स्थानकावर उतरल्या की पुढे किनाऱ्यापर्यंतची फेरी दुपारनंतर असेल की नाही, याची खात्री नसते. तुटलेली आहे ती ही शेवटची वीस-तीस किलोमीटरची साखळी.

उलट आपला सगळा उत्साह दुसऱ्या टोकाला लागला आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर. जालना आणि संभाजीनगरची माणसं आता इगतपुरीच्या पावसात सकाळी निघून दुपारच्या आत पोचतात. त्यानंतर शक्तिपीठ महामार्गाची आखणी : वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आराखड्यात सुमारे ८०२ किलोमीटर आणि १२ जिल्हे, त्यांत मराठवाड्याचे सहा. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर जोडली जातील, औंढा आणि परळी जवळ येतील, नागपूर-गोवा प्रवास अठरा तासांवरून आठ तासांवर येईल, असं सरकार सांगतं. ज्यांची बागायत जमीन त्यात जाते ते शेतकरी रस्त्यावर उतरले आहेत. त्यांच्या जमिनीचा प्रश्न त्यांच्या तोंडूनच ऐकावा, मी त्यात माझं घोडं दामटत नाही. पण 'पर्यटन वाढेल' हे जे कारण जोडलं जातं त्याला एक प्रश्न विचारायला हवा. आठ तासांत पत्रादेवीला उतरलेल्या मोटारी तिथून पुढे जाणार कुठे? पत्रादेवीजवळच्या बांद्याहून किनाऱ्याकडे जाणारे रस्ते तेच, देवबागची वाट तीच, विहिरी त्याच. सहा पदरी रस्ता एका पदरी गल्लीत ओतायचा हा बेत आहे. सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर केलं, आणि तिथे बसची शेवटची फेरी किती वाजता असते हा प्रश्न अजून तसाच आहे. महामार्ग व्हायचाच असेल तर त्याच्या टोकाला मोठा वाहनतळ आणि तिथून किनाऱ्याला दर वीस मिनिटांनी बस, हे आराखड्यातच लिहा. नंतर करू म्हटलेलं आपल्याकडे होत नाही.

स्थानिकांचं काय, हे कोणी तिथल्या माणसाने विचारलं तर तो अधिकार त्याचा आहे. मोटारवाला जास्त खर्च करतो, बसवाला कमी, असं हॉटेलमालक सांगतात, आणि खोलीच्या भाड्यापुरतं ते खरंही असेल. पण मोटारवाला आपल्याच गाडीने चार किनारे पालथे घालतो. बसने उतरलेल्याला गावातली रिक्षा लागते, नाव लागते, खाणावळ लागते, किल्ला दाखवणारा माणूस लागतो. पैसा थोडा असेल, पण जास्त हातांत जातो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सवाच्या दिवसांत लोक गावातल्या घरांमध्ये राहतात, घरातलंच जेवतात, पहाटे पिल्लं समुद्राकडे सोडतात ती पाहतात. तिथे जायला कोणाला पोहण्याचा तलाव लागत नाही. सगळा कोकण वेळास होणार नाही हे मान्य. मालवणच्या बाजारात ज्यांनी कर्ज काढून हॉटेलं बांधली आहेत त्यांचे हप्ते कासवांवर फिटत नाहीत. त्यांच्याशी बोलूनच, दोन-तीन हंगामांची मुदत देऊनच नियम आणावे लागतील.

मर्यादा किती आणि कोणी ठरवायची, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर जुनंच आहे. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. घाटाचे नाजूकपणानुसार तीन भाग पाडा आणि निर्णय ग्रामसभांपर्यंत न्या, असं त्यात होतं. 'विकास अडेल' म्हणून तो अहवाल कोकणात आणि केरळात दोन्हीकडे झिडकारला गेला. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये दरड कोसळली, मुंडक्कै आणि चूरलमला ही गावं गेली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. तिथे दोन दिवसांत पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. आमच्याकडे वर्षभरात पडतो त्यातला मोठा हिस्सा. ती दरड पर्यटकांमुळे कोसळली असं म्हणणं खोटं ठरेल, आणि गाडगीळ अहवाल लागू असता तर ती टळलीच असती असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण कुठल्या उतारावर किती घरं, किती खोल्या, किती रस्ते हे आधी ठरवलेलं नसलं की पाऊस कोणाला गाठेल हे नशिबावर सोडलेलं असतं. ते ठरवायचं काम उटीसारखं न्यायालयावर ढकलण्यापेक्षा गावाने केलेलं बरं. न्यायालय गाड्यांचा आकडा देऊ शकतं. कुठल्या विहिरीला मेमध्ये किती पाणी असतं हे गावच सांगू शकतं.

कोकणाला हे सगळं सांगताना कोणी उलट विचारेल : तुमच्याकडे काय करता? विचारावंच. श्रावणात वेरूळला घृष्णेश्वराची गर्दी, खुलताबादला भद्रा मारुतीची, म्हैसमाळला हिरवळ बघणाऱ्यांची, आणि या सगळ्यांचा रस्ता एकच. दौलताबादच्या किल्ल्याखालचा जुना दरवाजा एका वेळी एकच मोठी गाडी जाईल एवढा, त्यात रविवारी मोटारींची रांग. भद्रा मारुतीला रात्रभर पायी जाणारी माणसं त्या गाड्यांच्या धुरातून वाट काढतात. अजिंठ्याला जे जमलं ते शंभर किलोमीटरवरच्या वेरूळला का जमू नये? अडचण आहे, आणि ती खरी आहे : अजिंठ्याचा तो चार किलोमीटरचा तुकडा फक्त लेण्यांकडे जातो, तर वेरूळचा रस्ता कन्नडकडच्या गावांचाही रस्ता आहे. तिथल्या दूधवाल्याला, रुग्णाला, शाळेच्या गाडीला अडवून चालणार नाही. म्हणून गावांच्या गाड्यांना कायमचे पास, बाकीच्यांना श्रावणातल्या शनिवार-रविवार-सोमवारी शरणापूर फाट्याच्या अलीकडे वाहनतळ आणि तिथून म्हैसमाळपर्यंत एसटीची फेरी. पोलीस, एसटी, पुरातत्त्व खातं आणि जिल्हाधिकारी यांनी एका बैठकीत ठरवलं तर येत्या श्रावणात करून बघता येईल. चुकेल तिथे पुढच्या श्रावणात दुरुस्त करता येईल. कुठल्या फेरीला किती माणसं चढली आणि कुठल्या पासवाल्यांनी गैरफायदा घेतला, हे तेव्हा आकड्यांत हाताशी असेल. आंबोलीच्या किंवा मालवणच्या ग्रामसभेपुढे ठेवायला तेवढा कागद पुरेल.